दिनकररावांची चालती कॉमेंट्री

रत्नप्रभाबाईंना पार्किन्सन झाला तेव्हा चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात जास्त कामाला लागले ते त्यांचे यजमान. दिनकरराव मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. जन्मभर तपासणी खात्यात काढल्यामुळे त्यांची पक्की समजूत होती, की काम अडलं म्हणजे सूचना कमी पडल्या. संध्याकाळी दोघं फिरायला निघाली, की त्यांचं सुरू व्हायचं. "टाच आधी टेक. मान वर. पाऊल लांब टाक." फुलवालीसमोर बाईंचे पाय जमिनीला चिकटले, की आवाज आणखी चढे. फुलवालीला मराठी येत नव्हतं, तरी "टाच" तिला पाठ झालं होतं.

अण्णा नगरातल्या एका इस्पितळात, पार्किन्सन असलेल्या माणसांच्या मेंदूचे भाग चालताना एकमेकांशी कसे जोडलेले असतात, याचा अभ्यास चालू होता. बाईंनी त्यात नाव दिलं. तुलनेला त्याच वयाची धडधाकट माणसंही हवी होती. "मी आहे की!" दिनकरराव छाती पुढे काढून म्हणाले.

तिथे जननी नावाची तंजावरकडची मराठी मुलगी होती. तिने त्यांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली. नुसतं चालणं त्यांनी ऐटीत पार पाडलं. मग ती म्हणाली, "आता शंभरातून सात सात वजा करत चाला, मामा."

"त्र्याण्णव," दिनकरराव दणक्यात म्हणाले. "शहाऐंशी..." आणि थांबले. आकडा सापडला तेव्हा चालायचं राहिलं होतं. चालू लागले तेव्हा आकडा हरवला. शेवटी ते भिंतीकडेच्या खुर्चीवर आदळले आणि सवयीने खुर्चीलाच "सॉरी" म्हणाले. बाईंचा चेहरा आजारामुळे हल्ली फारसा हलत नसे, पण खांदे गदगदा हलत होते.

मग बाईंची पाळी आली. चार पावलं बरी पडली आणि खुर्चीतून हाक आली, "टाच आधी!"

बाई जागच्या जागी थिजल्या.

"मामा, उगे!" जननी म्हणाली.

दिनकररावांना "उभे" ऐकू आलं. ते ताडकन उभे राहिले.

"अयो, उभे नाही, उगे! गप्प राहा म्हणते मी." आमच्या घरी असंच म्हणतात, असं सांगून ती हसली. मग त्यांना बाजूला घेऊन तिने समजावलं. "तुमचं चालणं सवयीनं होतं, मेंदूच्या पुढच्या भागाला फारसं लक्ष घालावं लागत नाही. मामींची ती सवय ढिली झालीये. प्रत्येक पावलाकडे त्याच भागाला बघावं लागतं. त्यात तुमचं बोलणंही त्यालाच ऐकायचं."

"म्हणजे इतके दिवस मी तिला वजाबाकी घालत होतो?"

जननी टोपीच्या तारा सोडवू लागली. सज्जन मुलगी.

बाई पुन्हा निघाल्या. वळताना किंचित झोकांडल्या, पण मध्ये अडल्या नाहीत. दिनकररावांनी तोंडावर रुमाल धरला होता. तारा खरं तर आपल्या जिभेला लावायला हव्या होत्या, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ते मुकाट्याने चालू लागले. अवघड गेलं. बाई अजूनही मधूनमधून अडत. दिनकरराव शेजारी थांबत, सोसायटीच्या पाट्या वाचत. फुलवालीने एकदा "भांडण झालं का?" अशा अर्थाचं तमिळमध्ये विचारलंसुद्धा.

कॉफीच्या दुकानात पोचल्यावर बाई बाकावर टेकल्या. "आता बोला. पोट फुगलं असेल."

दिनकररावांनी तोंड उघडलं. वाटेत साठवलेलं काही आठवेना. तेव्हा बाईच बोलू लागल्या, बहिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन, मग वरच्या मजल्यावरचं गळणारं पाणी. त्यांचा आवाज इतका बारीक झालाय, हे दिनकररावांना आज कळलं. ते कॉफीचा पेला खाली ठेवून त्यांच्याजवळ सरकले.