वारा नसलेले तीन दिवस

ह्यांना जाऊन आता दहा महिने झाले. टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटवर भेटायला येणारी माणसं अजून विचारतात, "समुद्रात दोघंच होता, तर एवढे दिवस बोलत तरी काय होता?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं म्हणजे आम्ही फारसं बोललोच नाही.

ह्यांची तीस वर्षं नौदलात गेली आणि माझी इथल्या एका शाळेच्या ग्रंथालयात. सुट्टीपुरता संसार. निवृत्त झाल्यावर त्यांनी गोव्यात एक जुनी शिडाची बोट घेतली, स्वतःच्या हातानं दुरुस्त केली आणि सेशेल्सपर्यंत जायचं ठरवलं. मला धड पोहताही येत नव्हतं. तरी मी निघाले, कारण निदान तीन आठवडे हा माणूस मला सोडून कुठे जाऊ शकणार नव्हता.

पण दोघांच्या बोटीवर एकजण जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन तास त्यांचा वॉच, तीन तास माझा. सुकाणू वाऱ्याच्या जोरावर आपोआप चालायचं. आपण क्षितिजावर जहाज दिसतंय का एवढंच बघायचं. वॉच बदलताना चहा, कडक भाकरीचा तुकडा, शेंगाची चटणी.

"काही दिसलं का हो?"

"काय न्हाई. दोर अडकव कमरेला."

"बरं."

एवढं झालं की ते खाली निजायला. आम्ही एकाच अंथरुणावर पाळीपाळीनं झोपायचो आणि ते कधी गार व्हायचं नाही. उरलेला वेळ मी आणि पाणी. मी नेलेली पुस्तकं तशीच पडली. वाचायला लागलं की जहाज बघायचं राहून जाईल अशी धास्ती वाटायची.

अकराव्या दिवशी सकाळी वारा पडला. समुद्र ताटासारखा सपाट झाला. थोडा वेळ इंजिन चालवलं, मग बंदराजवळ डिझेल लागेल म्हणून ह्यांनी ते बंद केलं. शिडं नुसतीच फडफडत होती, ती उतरवली. आवाज म्हणून राहिला नाही.

ते झोपायला गेले आणि दहा मिनिटांत परत वर आले.

"लई शांत हाय गं. झोपच लागंना."

मला त्याचं कारण लगेच कळलं. ते वडगावातल्या मागवाल्यांच्या घरचे. ह्यांचा पाळणा पॉवरलूमशेजारी टांगलेला असायचा. सासरी पहिला महिनाभर त्या खडखडाटानं माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि दीर हसून म्हणाले होते, "वैनी, आमचं उलटं हाय. करंट गेला की आमी सगळी जागी!"

तीन दिवस ते माझ्याशेजारी बसून राहिले. आईच्या हातचा झुणका, पहिल्या जहाजावरची उलटी, मी पाठवलेलं आणि त्यांना कधीच न मिळालेलं एक पत्र, काय काय सांगत होते. "तुझी पुस्तकं माशांस्नी वाचून दाव," म्हणून चिडवत होते. लग्नानंतर एवढी सलग सोबत मला मिळाली नव्हती. त्यांच्या झोपेवरचा उपाय मला पहिल्याच दुपारी सुचला होता. मी तो केला नाही. वारा येऊ नये असंसुद्धा मनात म्हटलं. हे मी आजवर कुणाला बोललेले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दोर न अडकवताच पुढच्या टोकाला गेले. जो माणूस मला दिवसातून आठ वेळा दोराची आठवण करायचा, तो. डोलकाठीपाशी झोक गेला, तार हाताला लागली म्हणून बचावले. परत येऊन बसले. आपण दोर लावला नव्हता हे त्यांना कळलंही नव्हतं.

"खाली चला," मी म्हणाले.

"झोप येत न्हाई म्हणतोय न्हवं?"

"आडवे तरी व्हा."

ते आडवे झाल्यावर मी लाटणं घेतलं आणि शिडीच्या लाकडी पायरीवर बसून ठोकायला लागले. खटक-खट, खटक-खट. सासरी नकोसा झालेला तो ताल हाताला बरोबर आठवत होता. ह्यांनी एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, काहीतरी चेष्टा करायची होती बहुधा. ती तोंडातच राहिली.

मी अधूनमधून वर डोकं काढून क्षितिज बघत होते, की पुन्हा ठोकणं. हात बदलत होते. थांबले असते तर ते उठून वर आले असते, शेजारी बसले असते. थांबले नाही.

दुपार उतरताना पाण्यावर सुरकुत्या आल्या. मी एकटीनं पुढचं शीड चढवलं, वेडंवाकडं का होईना. बोट चालू लागली, पाण्याचा आवाज सुरू झाला, तेव्हा लाटणं खाली ठेवलं.

अंधार पडता पडता ते वर आले. "उठवलं न्हाईस व्हय गं? दोन वॉच गेले की माझे."

"जाऊ देत."

त्यांनी शिडाकडे बघितलं, दोर जरा ओढून घेतला आणि सुकाणूपाशी माझ्या जागेवर बसले.

"जा, झोप आता," म्हणाले.

मी खाली गेले.