घसरलेला 'जी'

सातवीत शाळा सोडलेला मी बायकोला मुखेडला ठेवून लातूरच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत राखणदारी करतो. लातूर म्हणजे मला परदेशच वाटायचा. एकदा औशाकडची शाहिरी पार्टी पोवाड्यांचा अल्बम करायला आली. त्यांचा एक झीलकरी आजारी पडला, म्हणून शाहिरांच्या मागं 'जी जी' म्हणायला मला उभं केलं. मी लगेच घरी फोन केला, "माझा आवाज अल्बममध्ये यायलाय!"

ती माणसं जुन्या रीतीनं एकाच माइकभोवती उभी राहायची; ज्याची पाळी, तो पुढं. माझा सूर ऐकला की शेजारचा तुणतुणेवाला म्हातारा, डोळे मिटलेलेच ठेवून, मला कोपरानं मागं सारायचा. दुपारपर्यंत माझी पाठ दाराला टेकली.

"मामा, बायकोला सांगून बसलोय," मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

"लई बेसूर हायस गड्या," तो हसला. "पर घरी सांगितलंस, आता इज्जतीचा सवाल हाय."

शेवटच्या पोवाड्याला त्यानं स्वतः मागं सरून मला बाहीला धरून माइकपुढं ओढलं. त्याचं नाव विचारायचंही मला धाडस झालं नाही. अल्बममध्ये सगळ्यांच्या नंतर एक 'जी' धडपडत येतो. बायको पाहुण्यांना तेवढाच ऐकवते.