गाडीवरचे जांभळाचे डाग

आमच्या सातारच्या गल्लीतले एक शेजारी दिवसातून दोनदा आपली पांढरी गाडी पुसतात, तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तशी. जांभळं पडून गाडीला डाग लागतात, म्हणून उन्हाळ्यात त्यांनी दारातलं झाडच पाडलं. "अहो, तो रंग फळातल्या फ्लेवोनॉइड द्रव्याचा, त्यानंच झाड पाखरांना बोलावतं!" जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेली मी ओरडत राहिले. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

काल तेच मला गोळ्यांची डबी दाखवत होते. "आवं बाई, यात फ्लेवोनॉइड हाय! शुगरला लय भारी. तुमीबी घ्या."

डबीवर जांभळांचा घोस छापलेला! माझं डोकंच फिरलं. मी दारातल्या खुंटाकडे बोट दाखवलं.

"व्हय की," ते खुशीत म्हणाले, "आता गाडीवर एक डाग पडत न्हाई बगा."