पार्किंगमधलं पिस्ता टेबल

आई शाळेत शिकवायची आणि बाबा एसटीचे ड्रायव्हर. त्यामुळे घरात एकच टेबल होतं, ते आईचं. सागवानी, जड, लाल शाईच्या डागांनी भरलेलं. ती रिटायर झाली तेव्हा म्हणाली, "याले आता रंग देऊ. तपासलेल्या पेपरासारखं दिसते ते."

बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये घासकामाला जागा नव्हती, म्हणून टेबल खाली पार्किंगमध्ये नेलं. आईने आणि मी मिळून ते पॉलिश पेपरने घासलं, भेगा लांबी भरून बुजवल्या, प्रायमर मारला. रविवारी सकाळी ऑइलपेंटचा पहिला हात दिला. रंग आईनेच निवडला होता, पिस्ता म्हणून. टेबलावर चढल्यावर तो सरकारी दवाखान्याच्या भिंतीसारखा दिसायला लागला.

थंडीचे दिवस, रंग वाळायला वेळ लागणार. आईने टेबलामागे प्लास्टिकची खुर्ची टाकून बाबांना राखणीला बसवलं.

"कुत्रं येऊ देऊ नका. कोणाले हात लावू देऊ नका. तुम्हीबी लावू नका."

बाबा स्वेटर, मफलर, चष्मा घालून पेपर वाचत बसले.

काही वेळाने चहा घेऊन मी खाली आले, तर टेबलासमोर रांग लागलेली. पहिल्या होत्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एक काकू, स्वेटरची बाही कोपराच्या वर सारून.

"बीपी पाहून राहिले ना इथं?"

"नाही हो काकू, हे नुसतं टेबल आहे."

"टेबल आहे ते दिसून राहिलं मले. डॉक्टर केव्हा येते?"

त्यांच्यामागचे गृहस्थ आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन उभे होते. कशासाठी, म्हणून विचारलं तर म्हणाले, "मले काय माहीत? रांग दिसली म्हणून घेऊन आलो. नाहीतर पुन्हा वर जा लागते."

बाबा प्रत्येकाला एकच सांगत होते, "मागे सरका. हात लावू नका." भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज होता त्यांचा. तो ऐकून लोकांची खात्रीच पटायची. इतकं तुसडं बोलणारा माणूस अधिकारीच असणार.

मग चौथ्या मजल्यावरचे एक आजोबा पुढे आले. "साहेब, आमच्याकडे पाणीच चढून नाही राहिलं. तुमच्याकडेच सांगायचं का?"

बाबांनी टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी खरं सांगतील. त्यांनी पेपरची घडी करून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "कधीपासून?"

मग त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला. "पार्किंगमधून बोलतो. चौथ्या मजल्याचं पाणी काहून बंद आहे जी?"

पार्किंगमधून फोन येतो म्हणजे काय, हे विचारायचं सेक्रेटरींना सुचलं नसावं. कुठला तरी वॉल्व्ह अर्धा बंद होता. पाणी सुरू झालं आणि रांग वाढली. कोणाला लिफ्टमधला पंखा सुरू करून हवा होता, कोणाला वरच्या मजल्यावरचं खलबत्त्याचं कुटणं बंद हवं होतं. बाबा सगळं ऐकून घेत होते.

बाबा जेवायला येईनात म्हणून आई खाली उतरली आणि तडक टेबलाकडे निघाली. झेरॉक्सवाल्या गृहस्थांनी तिला अडवलं. "ताई, लाइनीत या."

आणि आई खरंच लाइनीत उभी राहिली. आयुष्यभर पोरांना रांगेत उभं केलं होतं, मोडवेना तिला. नंबर लागला तेव्हा ती म्हणाली, "भाजी थंड होऊन राहिली."

"मागे सरका," बाबा म्हणाले. मग वर पाहिलं आणि उठले.

दुसऱ्या दिवशी रंगाचा दुसरा हात दिला, तेव्हा मात्र राखणीला मी बसले. एकही माणूस फिरकला नाही. टेबल वाळल्यावर आम्ही ते वर आणून खिडकीशी ठेवलं.

पुढे सोसायटीने पार्किंगमध्ये रीतसर तक्रार टेबल मांडलं. सेक्रेटरी दर रविवारी तिथे बसायचे, एकटेच. एकदा ते वर आले आणि बाबांना म्हणाले, "काका, तुम्ही तासभर बसा ना."

"नाही जमणार," बाबा गंभीरपणे म्हणाले. "रिटायर झालो मी."

ते गेल्यावर आई पोट धरून हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते बाबांना कळलं नाही.