बाभळीवरचं बर्फ

आमी गाव सोडलं तवा सकाळ होती, पऱ्हाटीले कापूस फुटला होता, अन् आमाले थांबवाले कोनी आलं नाई. माह्या डोक्शावर पाटा, कडेवर पोरगी शांता, अन् माह्या मानसाच्या खांद्यावर बाकी सारा संसार. संसार म्हंजे दोन वाकळा, एक तवा, सैपाकाचा एक गंज अन् एक कोंबडी. ते कोंबडी सेलूपर्यंत रस्ताभर ओरडली. आमी दोघं चूप होतो. आमच्या वाटचं तिनंच रडून घेतलं.

माय शिवेपर्यंत आली होती. डोळ्यात पानी नाई, काई नाई. "मांग पाहू नको," ती म्हने, "डोक्शावर पाटा हाय, मान मुरगळन." हे आठवलं का मले अजूनई हासू येते. म्या खरंच मांग पाह्यलं नाई.

आपल्या घरान्यातल्या पोरीहो, तुमच्यातल्या अर्ध्या तिकडंच हिंगणीच्या अंगाले जंगलाजवळ राह्यल्या, अर्ध्या पुन्याच्याई पुढं गेल्या. एक त अशा देशात गेली का तिथं म्हने चार महिने घराबाहेर पांढरं बर्फच राह्यते. तिनं परवा फोनवर ते बर्फ दाखवलं अन् मले हे सारं आठवलं. मी दोन यत्ता शिकली, सई येते, बस. तोंडानं सांगून राह्यली, नात लिहून राह्यली.

आमी गाव काऊन सोडलं ते तुमाले मालूम हाय. आदल्या वर्षी आमच्या लोकाईनं धम्माची दीक्षा घेतली अन् मेलेली ढोरं ओढाचं काम सोडलं. मंग गावानं आमाले निंदाले, वेचाले बलावनं सोडलं. भुकेचं मी सांगत नाई, भूक तवा लय घरात होती. मले दुसरंच लागे. आमी जंगलातून डिंक आनू, मध आनू, चारोळीचं चारं आनू. चांगला माल राहे. पन गावात आमच्या हातातून कोनी घेत नोतं. "ठेव तिथं भुईवर" म्हनत, वरून पानी शिंपडत, मंग उचलत. माह्या मनात एकच होतं. जिथं जाऊ तिथं एखाद्या मानसानं माह्या हातातून, हाताले हात लागला तरी चालन म्हनून, काई तरी घ्यावं.

वर्ध्याच्या अंगाले मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. तिथं माह्या मानसाले चादरी धुवाचं काम भेटलं. राहाले लाइनीतली खोली. पाच खोल्या एका रांगेत, पुढं एकच आंगन, एकच नळ. आमच्या बाजूले मार्था राहे. दवाखान्यात दाई होती, उंच, हसरी, ड्युटीवर जाताना पांढरं लुगडं नेसे. तिच्या सासूचं नाव राहेल. तिले सारे राहेलमाय म्हनत. पलीकडं कंपौंडर, त्याच्या पलीकडं स्वयंपाक्याची बायको गंगू अन् तिची बकरी. पाचवी खोली बंदच राहे.

तिथं कोनी जात इचारली नाई. पन नळावर मी गेली का कोनी जरा सरकून उभं राहे. मुद्दाम का सवयीनं, कोन जाने. मीई सवयीनंच सारे गेल्यावर पानी भरू. म्या कोनाले काई देल्लं नाई, कोनी मांगतलं नाई.

मंग थंडी पडली अन् लाइनीत बड्या दिसाची, म्हंजे नाताळाची, तयारी सुरू झाली. आमाले हा सन नवा. आमची दिवाळी सुटली होती, नवं काय कराचं ते नीट ठरलं नोतं. शांता इचारे, "आई, आपला सन कवा हाय?" मी म्हनू, "येईन, चालून राह्यला." मार्थानं मले सांगतलं का बड्या दिसाले एकमेकाले भेट द्याची. मी म्हटलं, पगार त सगळ्याईचे सारखेच कडके. तर ती हासली अन् म्हने, "अवो, महागाचं नाई देत कोनी. ज्याले द्याचं त्याच्याकडं महिनाभर पाहाचं, त्याले काय पाह्यजे ते दिसते."

अन् खरंच तसंच होतं. कंपौंडर औषधाच्या रिकाम्या शिश्या उकळून, बूच बसवून देये. कोनाच्या तेलाले, कोनाच्या रॉकेलले. मार्था चिंध्याईच्या बाहुल्या शिवे. गंगू पोराईसाठी चिंचेचे गोळे करे. आता माह्या नातवाले वाढदिवसाले एवढाले डबे येतात घरपोच, कागद फाडाले अर्धा तास लागते, अन् आत काय होतं ते दुसऱ्या दिवशी आठवत नाई. तवा शिशीचं बूच बराबर बसलं का मानूस खूश.

म्या ठरवलं, आपनई द्याचं. माहा मानूस म्हने, "घेतलं नाई त?" मी म्हटलं, "नाई घेतलं त गावासारखंच हाय, नवं काय?" पन आतून मी भेली होती. गाव सोडून आली अन् इथंई तसंच झालं, त मंग कुठं जाचं?

म्हनून म्या महिनाभर पाह्यलं. राहेलमाय रोज सांजीले दार उघडं ठेवून प्रार्थनेले बसे. बसे म्हंजे दोनी टोंगळे, तुमी गुडघे म्हनता ते, फरशीवर टेकवून उभी राहे. म्हातारं मानूस, थंडी बम, खाली शहाबादी फरशी. आमेन झालं का भिंतीले धरून उठे अन् उठताना टोंगळ्याईले शिव्या देये. देवाच्या नावानंतर लगेच टोंगळ्याईच्या सात पिढ्या उद्धरे. मले आतल्या आत हासू ये अन् कीवई ये. मंग सुचलं. टोंगळ्याखाली घ्याले एक उशी.

खोळ माह्यापाशी होती. माह्या लगनाच्या हिरव्या लुगड्याचा पदर अजून धड होता. कोनाचं उतरलेलं नाई, माहंच. राह्यला कापूस. आमच्याकडं त्या दिवसात कापूस काय कमी? दवाखान्याच्या मांगून जिनिंग कारखान्याचा रस्ता होता. दिवसभर कापसाच्या बैलबंड्या जात. रस्त्याच्या दोनी अंगाले बाभळी. बंड्या अशा गच्च भरल्या राहत का जाताना बाभळीचे काटे कापूस ओढून घेत. चार दिवसात बाभळी पांढऱ्या होत. मी रोज दुपारी शांताले घेऊन जाऊ अन् काट्यावरचा कापूस वेचू. बोटं रक्तानं लाल, पन पदराची वटी भरे. घरी बसून सरकी काढू. सरकी राह्यली त टोंगळ्याले टोचन अन् उंदीर बी येतीन.

बड्या दिसाच्या आदल्या दिवशी उशी जवळजवळ भरली. एक कोपरा तेवढा पोकळ राह्यला. अन् त्याच दिवशी बंड्या बंद. बाभळी साफ. मी हात हालवत आली, आंगनात पाय ठेवला, त मार्थाच्या दारापाशी बाभळीची एक मोठी फांदी भिंतीले टेकून उभी. तिच्यावर ठिकठिकानी कापूस. अन् कापूस कसा? पांढरा शुभ्र, सरकीचा दाना नाई, कचरा नाई. मी म्हटलं, कोनी तरी जिनिंगच्या रस्त्यावरून काटेरी कुपासाठी फांदी तोडून आनली, गंगूच्या बकरीपायी. कापूस तसाच राह्यला. वाया जाईन. म्या तो बसून, काट्यातून एकेक बोळा सोडवून, सारा वेचला. कोपरा भरला, तोंड शिवलं, उशी तयार. मनात म्हटलं, आज नशीब उघडलं.

सांजीले मार्था ड्युटीवरून आली अन् आंगनातूनच बोलली, "माहं बर्फ कोन नेलं?"

मले वाटलं हिनं बर्फाचा गोळा आनला असन अन् वितळला असन. मंग ऐकलं का फांदीवरचं बर्फ म्हनून राह्यली. कंपौंडर बाहेर आला. त्यानं फांदी पाह्यली, मंग गंगूच्या बकरीकडं पाह्यलं. झालं. गंगू कमरेले पदर खोचून उभी. "माह्या बकरीवर आळ घेऊ नका," ती म्हने. "माही बकरी दवाखान्याचा कापूस खाईन काय? तिले औषधाचा वास सहन होत नाई." कंपौंडर म्हने, तुही बकरी मागच्या साली माहं धोतर खाऊन गेली, तवा कोनता वास होता? तिकडं दोघाईची जुंपली अन् इकडं मी दाराआड उशी घेऊन उभी. त्याईच्या बोलन्यावरून तवा समजलं. ती फांदी कुपाची नोती. दवाखान्याच्या सरूच्या झाडाले हात लावाची मनाई होती, म्हनून मार्थानं बाभळीची फांदी आनली होती, तिचंच बड्या दिसाचं झाड कराले. अन् दवाखान्यातून मांगून आनलेला कापूस तिनंच तिच्यावर लावला होता.

माहा मानूस चादरीचं गाठोडं घेऊन आला. म्या त्याले हळूच सांगतलं. त्याचं तोंड उतरलं. गाठोडं खाली ठेवून म्हने, "आत्ता जाऊन सांग. उद्या सांगशीन त ते चोरी व्हईन."

आंगन केवढं, दहा पावलं नाई, पन गाव सोडताना जड वाटलं नाई एवढं ते जड वाटलं. मी मधात जाऊन उभी राह्यली अन् सांगतलं का बकरी नाई, मी हाय. फांदी कुपाची समजली, सांडलेला सरवा समजून वेचला. गंगू म्हने, "तरीच." एवढंच म्हने, पुढं काई नाई. पन त्या एका शब्दात मले माहं सारं गाव दिसलं.

म्या उशीचं तोंड दातानं उसवलं. कापूस बाहेर ओढला. दवाखान्याचा अन् बाभळीवरचा आता एक झाला होता, निवडता येईना. म्हनून सारा मार्थापुढं ओतला. म्हटलं, "घ्या, तुमचं होतं त्याच्याहून जास्तच असन."

मार्था त्या ढिगाकडं पाहे, माह्याकडं पाहे, फांदीकडं पाहे. अन् मंग ती हासाले लागली. हासता हासता ओट्यावर बसली. "अवो बाई," ती म्हने, "ते बर्फ हाय. येसूच्या जन्माले दाखवतेत ना."

"बर्फ त भुश्यात गुंडाळून येते," मी म्हटलं. "झाडावर कसं बसन?"

"विलायतेत बसते."

"तुमी पाह्यलं?"

"कुठलं? मिशनच्या बंगल्यावरच्या कार्डावर पाह्यलं."

मंग कंपौंडरले बी हासू आलं. पाह्यलेलं कोनीच नाई अन् भांडन बर्फावरून. गंगूनं बकरीच्या पाठीवरून हात फिरवला अन् म्हने, आता तिची माफी कोन मांगते? कंपौंडरनं मांगतली, हात जोडून, बकरीले. साऱ्याईनं मिळून कापूस फांदीवर लावला. एवढा होता का काटे दिसनासे झाले. तेवढं बर्फ लाइनीत याच्या आधी कवाच पडलं नोतं, मार्थाच म्हने.

मी रिकामी खोळ घेऊन घराकडं निंगाली. तवा राहेलमायनं हाक मारली. इतका वेळ ती खाटेवरून सारं पाहून राह्यली होती.

"पोरी, ते हिरवं काय होतं? कोनासाठी?"

म्या सांगतलं. तुमच्यासाठी होतं, टोंगळ्याखाली घ्याले. फरशी थंडी हाय, उठताना तुमाले तरास होते. शिव्याईचं सांगतलं नाई.

बुढीनं हात पुढं केला. "आन इकडं."

"रिकामी हाय, माय."

"मले डोळे हायेत. आन." तिनं ते खोळ माह्या हातातून घेतली. भुईवर ठेव म्हटलं नाई. उलटून पालटून शिवन पाह्यली, बोटानं टाके ओढून पाह्यले. "चार दिवस झाडाले राहू दे कापूस," ती म्हने. "मंग तू अन् मी बसून भरू. अन् शिव्या ऐकू जातात तुले, हे मले मालूम हाय."

बड्या दिसाले आमच्या दारी बूच बसवलेली शिशी आली, बाहुली आली, चिंचेचे गोळे आले. शांतानं सारे गोळे एकाच दिवशी खाल्ले. माह्या मानसानं त्या शिशीत रॉकेल भरलं अन् रोज बूच काढून पाहे, रॉकेल कमी झालं का नाई म्हनून नाई, नुसतंच.

सन सरला अन् फांदी उतरली. मले वाटलं राहेलमाय मले तिच्या खोलीत बलावन. ती सोताच कापसाचं टोपलं काखेत धरून आमच्याकडं आली. भिंतीले टेकून खाली बसली. उशी भरता भरता अर्ध्यात थांबली अन् म्हने, "चहा टाक वं. घसा सुकला."

मी तिच्या तोंडाकडं पाहत राह्यली. म्या इचारलं, माह्या हातचा? ती म्हने, इथं दुसरं कोन दिसते तुले? म्या गुळाचा काळा चहा केला. कप एकच होता, तोई बिनकानाचा. तिनं तो दोनी हातानं माह्या हातातून घेतला, फुंकर मारून पेली, अन् गूळ कमी पडला म्हनून बोलनी बी देल्ली. त्या बोलन्यानं मले जेवढं बरं वाटलं तेवढं पुढं कोनाच्या कौतुकानं वाटलं नाई.

तवाच माहा मानूस जेवाले आला. दारातून त्यानं हे पाह्यलं. आत आला नाई. पाठ करून उंबऱ्याबाहेर उभा राह्यला, बुढीचा चहा सरेपर्यंत.

आता पोराचं घर मोठं हाय. गॅस हाय, फिरीज हाय, त्या फिरीजात बर्फ बी हाय. कपाईचा सेट हाय, सोळा कान. गाव कोनतं इचारलं त मी हिंगणीकडचं सांगते. माय तिथंच गेली, तिची माती तिथं हाय, ते खोटं कसं सांगू? पन तुमी घर कोनतं इचारता ना, तवा मले ते लाइनीतली खोली दिसते. आत राहेलमाय चहा पेऊन राह्यली, अन् दारात आमाले पाठ करून उभा माहा मानूस, खांदे हालून राह्यले त्याचे. आजपर्यंत म्या त्याले इचारलं नाई का तो रडत होता का हासत होता.