बाँबरची डबी

खडेबाजारात जुनी भांडी दुरुस्त करणारे एक आप्पा बसतात. तंबाखूवाल्यांसाठी चुन्याच्या डब्याही तेच बनवतात. डबी देताना आधी दोन्हीकडे बघतात, मग ती कानाशी धरून नखानं वाजवतात आणि आवाज खाली आणून सांगतात, "लढाईत पाडलेल्या बाँबरचा पत्रा हाय. लई हलका." लढाई होऊन किती वर्षं लोटली, पण हा पत्रा काही संपत नाही. त्यांच्या मागं फुटक्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यांचा ढीग असतो, त्यामुळं मला पहिल्यापासून शंका होती. तरी एक डबी घेतलीच.

परवा ती राखेनं घासली, तर झाकणाच्या आत ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसायला लागली. "सप्रेम भेट." लग्नात द्यायच्या भांड्यांवर घालतात तशी. मी तडक बाजारात जाऊन झाकण आप्पांपुढं धरलं.

त्यांनी चष्मा पुसून सावकाश वाचलं. "शत्रूचीबी लग्नं हुत्यात की, आण्णा."

"मराठीत?"

आता त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडंच संशयानं बघितलं. मग दोन्हीकडे नजर टाकून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुमी मूळचं कुठलं म्हणाला?"