पितळी कर्ण्यावरचा हात

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायको होती तेव्हा तिच्याजवळ नाही, मुलाजवळ तर नाहीच. तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगतो — तोंडाने सांगायला मला जमलेलं नाही.

निवृत्तीनंतर मी आणि बायको मुलाकडे पेनसिल्व्हेनियात आलो. तो स्टेट कॉलेजला शिकवतो, घर मात्र त्याने जरा लांब, एका लहान गावात घेतलं. दिवसभर करायचं काय? गावात जुन्या फायर स्टेशनमध्ये एक म्युझियम होतं. पगार न घेता आग विझवायला धावणाऱ्या गावकऱ्यांचं — हातपंप, चामड्याच्या बादल्या, हेल्मेटं, एक मोठी घंटा. मी तिथे जाऊ लागलो. सगळा कारभार डोरोथी बघायची, आणि पितळ घासायचं काम वॉल्टकडे होतं.

वॉल्ट तरुणपणापासून त्या दलात होता. माझ्या विनायक या नावाचं त्याने पहिल्याच दिवशी 'विन' केलं, डोरोथीला तर तो 'डॉटी'च म्हणायचा. आगीचा पाइप कसा गुंडाळायचा ते शिकवलं, आणि मी गुंडाळलेला बघून म्हणाला, "बरं झालं तू उशिरा आलास, विन. अर्धं गाव जळालं असतं." अलीकडे तो विसरायला लागला होता. एकच गोष्ट दोनदा सांगायचा. आम्ही हसायचो, तोही हसायचा.

कोपऱ्यातल्या कपाटात एक पितळी कर्णा होता. आगीच्या गोंगाटात दलाचा प्रमुख त्यातून ओरडून हुकूम द्यायचा. बाकीचं पितळ लखलखीत, आणि हा एकटा काळा. मला तो खुपायचा. लहानपणी सणाच्या आदल्या दिवशी देवाची भांडी चिंचेने घासायचं काम माझ्याकडे असे — पितळ काळं राहिलेलं मला बघवत नाही.

म्युझियमचा वार्षिक समारंभ जवळ आला होता. मी घरून डब्यात चिंच कोळून नेली. वॉल्ट घंटा घासून जेवायला गेला, तेव्हा मी कर्णा मागच्या सिंकपाशी नेला. काजळी बोटांवरून ओघळून गेली. सुंदर निघाला. मी खूश होतो — हेही सांगायला हवं. उद्या सगळे चकित होतील म्हणून तो गुपचूप जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी डोरोथी त्या कपाटापुढे उभी होती. कर्णा तिच्या वडिलांचा होता. गिरणीच्या आगीतून ते परतले नाहीत, कर्णा तेवढा सापडला — त्यांच्या काजळलेल्या हाताचा ठसा घेऊन. चार बोटं आणि तळवा, माहीत असणाऱ्यालाच त्या काळ्यात दिसणारा. तो ठसा कुणी कधी पुसू दिला नव्हता. मला हे माहीत नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मला सांगायचं राहून गेलं. वॉल्टला तर माहीत होतंच.

डोरोथीने आवाज चढवला नाही. "वॉल्ट, काल पितळ तू घासलंस ना?"

"घंटा घासली. हे मी कसं करीन, डॉटी?"

"पण आठवतंय का तुला?"

वॉल्ट कपाळ चोळू लागला. मग ती माझ्याकडे वळली. "विन, तू इथेच होतास. काही पाहिलंस?"

माझ्या नखांना अजून चिंचेचा वास होता. मी म्हणालो, "वॉल्टच्या हातात फडकं पाहिलं."

वाक्य खरं होतं. तेच तर. मला कशाची भीती होती? ती रागावली असती, चार दिवस बोलली नसती. परक्या माणसाने आपल्या बापाचा हात पुसला, असं तिला वाटायला नको — पण ही सबब झाली. राहू द्या.

वॉल्टने कर्ण्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "मग मीच केलं असणार," म्हणाला, आणि म्युझियमची किल्ली टेबलावर ठेवली. बाहेर गाडीपाशी त्याने माझ्या खांद्यावर हात टेकला. "बरं झालं तू पाहिलंस. नाहीतर मी तिच्याशी भांडत बसलो असतो."

संध्याकाळी सूनबाईने विचारलं, "बाबा, चिंचेचा गोळा संपला कसा?" चिंच आणायला तेव्हा फार लांब जावं लागायचं. मुलगा म्हणाला, "बाबांना डोहाळे लागले असतील." मीही हसलो.

त्यानंतर वॉल्ट विसरल्यावर हसेनासा झाला. गाडी चालवणं त्याने आपणहून सोडलं. काहीही सांगताना आपल्या मुलीकडे बघायचा — असंच झालं होतं ना? शेवटी तिने त्याला वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे मी एकदाच गेलो. त्याने विचारलं, "डॉटी अजून रागावलीय का?" मी नाही म्हणालो. दुसऱ्यांदा जायचं धाडस झालं नाही. पुढच्या हिवाळ्यात तो गेला.

त्याची किल्ली आता माझ्याकडे असते. शनिवारी येणाऱ्या पाहुण्यांना मीच म्युझियम दाखवतो. कर्ण्यापाशी थांबून सांगतो, यावर एका माणसाचा हात उमटलेला होता, आमच्या एका म्हाताऱ्या सोबत्याने विसरभोळेपणात तो पुसून टाकला. लोक हळहळतात. कुणीतरी "बिचारा" म्हणतं. डोरोथी दाराशी बसलेली असते, तिलाही ऐकू जातं.

गेल्या शनिवारीही मी तेच सांगितलं. वॉल्टने त्या दिवशी फक्त घंटा घासली होती. कर्णा मी घासला.